अठ्ठावीस मिलिमीटरचं राक्षसभुवन

राक्षसभुवनला लोक जातात ते शनी महाराजांच्या दर्शनाला. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण काठावर हे गाव आहे. मीही पहिल्यांदा गेलो तो दर्शनालाच. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मात्र काठावर उभा राहून बराच वेळ नुसतं पाणी बघत होतो. खिशात रंगांच्या पट्ट्या ओढलेला एक कागद होता आणि मनात एकच प्रश्न होता: श्रावणातल्या पुराचं पाणी नेमकं कोणत्या रंगाचं?

१० ऑगस्ट १७६३ रोजी याच काठावर मराठ्यांची आणि निजामाची लढाई झाली. त्याच वर्षी निजामअलीच्या फौजेनं पुणं लुटून जाळलं होतं. परतीच्या वाटेवर निजाम स्वतः काही फौज घेऊन गोदावरी उतरून उत्तर काठावर गेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे राहिला. पावसानं नदी फुगली होती. नागपूरकर जानोजी भोसल्यांनी ऐन वेळी निजामाची साथ सोडली. मराठ्यांनी दक्षिण काठावरच्या फौजेला गाठलं. लढाईच्या भरात राघोबादादांचा हत्ती शत्रूच्या गराड्यात सापडला. तेव्हा अठरा वर्षांचा पुतण्या, माधवराव पेशवा, फौज घेऊन आत घुसला आणि त्यानं काकाला सोडवलं. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या काठावरून निजामाला मदत पाठवता आली नाही. मध्ये नदी होती.

ही लढाई मला टेबलावर मांडायची होती. सहा फूट बाय चार फूट पाट, त्यावर नदी, काळी माती, बाभळी, तंबू, दोन्ही बाजूंची फौज. पट्टीनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि त्या दिवशी दुसरं काही घडू शकलं असतं का ते पाहायचं. जगात या छंदाला वॉरगेमिंग म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला राइसविट्झ या प्रशियन बापलेकांनी नकाशा, ठोकळे आणि फासे वापरून अधिकाऱ्यांना लढाई शिकवण्याचा खेळ बसवला. मुलाचे नियम १८२४ मध्ये छापले गेले. एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून तो खेळ घरच्या जमिनीवर आणला. त्याचे शिपाई शिशाचे होते आणि तोफा स्प्रिंगच्या. पुढे गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीनं १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ काढला आणि राक्षस, जादूगार, अंतराळातले योद्धे असं सगळं या टेबलावर आलं. आज जगभरात बरीच मुलं या छंदाकडे वळतात ती त्याच वाटेनं.

पण आपल्याकडे याचं मूळ शोधायला इतकं लांब जावं लागत नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या मुलांना, तोफ कुठे ठेवली तर दरवाजा मारता येईल, हा प्रश्न पडतोच. किल्ल्याची पद्धत पुण्या-साताऱ्याकडे जास्त; माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एखादाच किल्ला व्हायचा. बाजारातल्या त्या मावळ्यांचे गाल गुलाबी, मिशा एका फटकाऱ्याच्या आणि डोळे दोन ठिपक्यांचे असत. त्या दोन ठिपक्यांनी मावळा जिवंत होई, हे मी तेव्हाच पाहिलं होतं. त्यामागचं कारण कळायला मात्र पुढे पंचवीस वर्षं लागली.

कारण असं. टेबलावरचा शिपाई साधारण २८ मिलिमीटर उंच असतो. साडेपाच फुटी माणूस त्याच्यापेक्षा सुमारे साठ पट मोठा. आपण शिपाई दोन फुटांवरून पाहतो; म्हणजे डोळ्यांच्या हिशेबानं तो एकशेवीस फुटांवर उभा असलेला माणूस आहे. एकशेवीस फुटांवरच्या माणसाचं आपल्याला काय दिसतं? फेट्याचा रंग, अंगरख्याचा आकार, चेहऱ्यावरची सावली. अंगरख्याचे बंद दिसत नाहीत आणि डोळ्यांचा पांढरा भाग तर नाहीच. तरीही माणूस समोर आला की आपण आधी त्याचा चेहरा शोधतो, म्हणून रंगवणारा डोळे काढतो. दूरचा माणूस रंगवायचा आणि त्यात जवळच्या माणसाची एखादीच खूण ठेवायची, एवढ्यावर ही सगळी कला उभी आहे.

दुसरी अडचण उजेडाची. खऱ्या माणसाच्या अंगरख्याच्या चुणीत दीड इंच खोल सावली असते. साठ पट लहान केल्यावर ती चुणी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची होते. घरातला उजेड खिडकीतून, भिंतीवरून, ट्यूबलाइटमधून असा चहूबाजूंनी येतो आणि एवढ्याशा खाचेत सावली पडूच देत नाही. एकाच रंगात रंगवलेला शिपाई म्हणून प्लॅस्टिकचा दिसतो, मग रंग कितीही बरोबर असो. जी सावली पडत नाही ती रंगानं पाडावी लागते, जे ऊन लागत नाही ते रंगानं लावावं लागतं. एअरब्रशकडे मी वळलो ते या उन्हासाठी.

बीडकडच्या माणसाला माथ्यावरचं ऊन समजावून सांगावं लागत नाही. एप्रिलात दुपारी बाराला रस्त्यावरचा माणूस बघा: फेटा आणि खांदे पांढरेफटक, नाकाचा शेंडा उजळ, हनुवटीखाली, काखेत आणि धोतराच्या ओच्यात गडद सावली. हेच ऊन शिपायावर आणायचं तर त्याला आधी सगळीकडून काळं अस्तर मारायचं. ते वाळलं की एअरब्रशनं फक्त वरून, टेबलाशी पंचेचाळीस अंशांचा कोन धरून, करड्या रंगाचा हलका हात द्यायचा. आणि शेवटी थेट माथ्यावरून पांढऱ्याचा, जेमतेम दिसेल इतका. पांढरा जिथे पोचला तिथे ऊन, जिथे काळं राहिलं तिथे सावली. इंग्रजीत या पद्धतीला जे नाव आहे त्याचा अर्थही खस्वस्तिकावरून, म्हणजे बरोबर डोक्यावरून, येणारा उजेड असाच आहे. मी आपलं ‘माथ्याचं ऊन’ म्हणतो. यावर पातळ, पारदर्शक रंग दिले की खालचं ऊन-सावली वर दिसत राहते आणि निम्मं काम रंग लावण्याआधीच झालेलं असतं.

एअरब्रश हे पेनाएवढं हत्यार आहे आणि त्याचं तत्त्व साधं आहे. पुढच्या तोंडातून वेगानं हवा सुटते, तिच्या वेगामुळे रंगाच्या छिद्रापाशी दाब कमी होतो, रंग ओढला जातो आणि हवेच्या झोतात त्याचे डोळ्यांना न दिसणारे तुषार होतात. छिद्रात एक सुई बसलेली असते. सुई मागे सरकली की फट वाढते आणि रंग जास्त सुटतो. चांगल्या एअरब्रशची कळ दोन कामं करते: खाली दाबली की हवा, मागे ओढली की रंग. म्हणजे किती हवा आणि किती रंग हे दोन्ही एका बोटात असतं. शिपायांसाठी छिद्र ०.३ मिलिमीटरचं घ्यावं. त्याहून बारीक नवख्याच्या हातात सारखं तुंबतं. रंगाची वाटी वर असलेला घ्यावा, म्हणजे दोन थेंब रंगातही काम होतं आणि कमी दाबावर चालतं.

एअरब्रशचा जन्म रंगाऱ्यांच्या नव्हे, फोटोवाल्यांच्या गरजेतून झाला. १८७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲब्नर पीलर या कारागिरानं रंग फवारणारं एक यंत्र बनवलं. ते लिबर्टी वॉकप यानं विकत घेऊन सुधारलं; मोठे केलेले फोटो हातानं रंगवण्यासाठी त्याला मोठी मागणी होती. आज वापरतो त्या घडणीच्या जवळ जाणारा एअरब्रश चार्ल्स बर्डिकनं १८९० च्या दशकात आणला. आपल्याकडेही जुन्या स्टुडिओतल्या रंगवलेल्या फोटोंत आजोबांच्या गालावरची झाक कुठे संपते हे दिसत नाही. अशी विरत जाणारी झाक हीच या हत्याराची खरी ताकद.

एअरब्रशला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरला लोक फार घाबरतात. बीडमध्ये कोणत्याही पंक्चरच्या दुकानात ‘तीस पौंड हवा भर’ म्हणतो तेच पौंड इथे लागतात, आणि तेही कमी. शिपायाला पंधरा ते वीस पौंड पुरतात, बारीक रेषेला त्याहून कमी. म्हणून छोटा, तीन लिटरची टाकी असलेला कॉम्प्रेसर घ्यावा. टाकी महत्त्वाची: तिच्यामुळे हवा एकसारखी येते, यंत्र सारखं धडधडत नाही, आणि वीज गेली तर हातातली झाक पुरी करण्याइतकी हवा टाकीत उरलेली असते. दाब कमीजास्त करणारा रेग्युलेटर आणि हवेतलं पाणी अडवणारा सापळा या दोन गोष्टी हव्यातच. पावसाळ्यात हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होते, आणि ते पाणी नळीतून येऊन रंगात थुंकल्यासारखं उडालं की तासाभराचं काम जातं. ओळखीच्या गॅरेजचा मोठा कॉम्प्रेसर वापरायचा मोह मलाही झाला होता. त्या हवेत तेलाचा अंश होता. तेलाच्या थेंबाभोवती रंग मागे सरून घोड्याच्या पाठीवर बारीक खळगे उठले आणि तो घोडा खरवडून पुन्हा सुरुवातीपासून करावा लागला.

आता रंग. पातळ किती करायचा याचं उत्तर सगळे ‘दुधाएवढा’ असं देतात; आपल्याकडे ते ‘साय काढलेल्या दुधाएवढा’ असं म्हणावं. वाटीच्या कडेला थेंब लावला तर तो सावकाश ओघळून खाली आला पाहिजे आणि मागे रंगाचा पारदर्शक पट्टा राहिला पाहिजे. जाड रंग अडकतो. फार पातळ रंग फार हवेनं मारला तर कोळ्याच्या पायांसारख्या रेघा चहूकडे पळतात. आणि फार लांबून मारला तर तुषार वाटेतच वाळतात, शिपायावर पावडर बसते, बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. एप्रिल-मेमध्ये बीडचा पारा चाळिसाच्या वर जातो तेव्हा सुईच्या टोकावरच रंग वाळतो. दर दोन मिनिटांनी टोक पुसत बसावं लागतं. यावर रंगाचं वाळणं लांबवणारं रिटार्डर थोडं मिसळतात. पण माझा अनुभव असा की पहाटे पाच ते आठ हीच एअरब्रशची वेळ. पंखा लावता येत नाही, कारण तुषार पसरतात. कूलर तर नाहीच.

पाण्याचा प्रश्न मला कोणत्याही पुस्तकात सापडला नाही. बोअरच्या पाण्यात इतके क्षार असतात की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. तोच थर छिद्रात धरतो आणि काळ्या रंगावर धुरकट डाग सोडतो. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर आणावं. स्वस्त आहे, आणि रंग पातळ करायला तेच वापरायचं असा एकदा नियम केला की निम्म्या तक्रारी संपतात.

सरावासाठी शिपाई वाया घालवू नयेत. जुन्या वर्तमानपत्रावर पेन्सिलीनं ठिपक्यांची रांग काढावी आणि प्रत्येक ठिपक्यावर एअरब्रशनं ठिपका मारावा, एकाच आकाराचा. मग ठिपके रेषेनं जोडावेत: रेष सुरू होताना बारीक, मध्ये जाड, शेवटी पुन्हा बारीक. हवा आधी सुरू करायची आणि शेवटी बंद करायची. रंग मध्ये येतो आणि मध्येच जातो. उलट केलं की रेषेच्या दोन्ही टोकांना थेंब बसतात. हे बोटात मुरायला मला तीन आठवडे लागले. त्यानंतर आइस्क्रीमचे प्लॅस्टिकचे चमचे. चमचा एका बाजूनं खोल, दुसऱ्या बाजूनं फुगीर, म्हणजे शिपायाची छाती आणि पाठ दोन्ही त्यात आली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकही पायरी न दिसता झाक नेता आली की पुढे जावं.

कामाच्या वेळेतला मोठा वाटा सफाईचा असतो. रंग बदलताना वाटी धुऊन स्वच्छ पाणी फवारायचं, आणि काम संपलं की सुई काढायची. सुई नेहमी मागून टोकाकडे पुसायची; टोकाकडून मागे पुसली की केसाएवढं टोक वाकतं आणि त्या दिवसापासून झोत एका बाजूला जातो. मी पहिली सुई अशीच घालवली. शिवाय मास्क. रंग पाण्याचा असला तरी त्याचे तुषार फुप्फुसात जाऊन बसतात. रुमाल बांधून भागत नाही. धुळीचा फिल्टर असलेला मास्क लागतो, आणि खिडकीपाशी बाहेर हवा फेकणारा पंखा. शिपाई थ्रीडी प्रिंटरवर छापलेले असतील तर ते रेझिन घासतानाही मास्क आणि हातमोजे घालावेत, आणि घासायचं ते पाण्यात भिजवून.

कुठलं काम हवेच्या झोताचं आणि कुठलं कुंचल्याचं, ही विभागणी गणपतीच्या कारखान्यात पूर्वीपासून आहे. पेणला किंवा कुठल्याही गावच्या मूर्तिकाराकडे जाऊन पाहा: अंगाचा रंग कॉम्प्रेसरच्या गननं मारतात, पितांबराची झाकही गनची, पण डोळ्यांची आखणी बारीक कुंचल्यानं, हातानं, आणि ती सगळ्यात जाणत्या माणसाकडे. मला एअरब्रशबद्दलचं सगळ्यात मोठं शहाणपण तिथेच मिळालं. मोठा, गुळगुळीत, विरत जाणारा भाग एअरब्रशचा. कड, चुणी, पट्टा, मिशी आणि डोळा कुंचल्याचा. एअरब्रश घेतला म्हणून कुंचला सुटत नाही. उलट एअरब्रशनं इतकं छान ऊन पाडलेलं असतं की त्यावर कुंचल्याची एक ढोबळ रेष लगेच नजरेला टोचते.

कुंचल्याचा पहिला नियम म्हणजे पातळ रंग आणि दोन हात. कारण पुन्हा तोच साठचा हिशेब: शिपायावर एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर बसला तर खऱ्या माणसावर तो सहा मिलिमीटर झाला. अंगरख्यावर पाव इंच चिखल फासल्यासारखा. चेहऱ्याचा सगळा नाकनकाशा त्याखाली बुजतो. उन्हाळ्यात एवढे पातळ थेंब ताटलीत मिनिटभरही ओले राहत नाहीत, म्हणून ओली पॅलेट करावी. डब्याच्या चपट्या झाकणात ओल्या टिश्यूची घडी, तिच्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. कागदातून ओल वर येत राहते आणि रंग तासन्तास चालतो; माठाचं पाणी पाझरतं तसंच हे. वर दुसरं झाकण लावून ठेवलं तर उद्याही तोच रंग हाती येतो.

आता राक्षसभुवनच्या फौजेकडे. पेशव्यांच्या घोडदळाला गणवेश नव्हता. युरोपातल्या लढाया रंगवणाऱ्यांना निळा डगला, पांढरे पट्टे असा तक्ता मिळतो. आपल्याला पांढरा कपडा मिळतो. आणि रंगवायला सगळ्यात अवघड रंग पांढराच. शुद्ध पांढरा लावला तर त्याच्यावर ऊन दाखवायला काहीच उरत नाही, शिपाई खडूचा दिसतो. मी बरेच प्रयोग केले आणि शेवटी मांजरपाटावर येऊन थांबलो. न धुतलेल्या मांजरपाटाचा तो पिवळट, जरा करडा रंग सगळीकडे द्यायचा, चुण्यांत तपकिरी पातळ रंग झिरपू द्यायचा, आणि खरा पांढरा फक्त खांद्यावर, गुडघ्यावर, फेट्याच्या वरच्या पिळावर. सगळ्या शिपायाच्या अंगावर शुद्ध पांढरा शंभरात पाचपेक्षा जास्त नको. कपाशीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला या पांढऱ्याच्या तऱ्हा डोळ्यांनी माहीत असतात: बोंडातला पांढरा, गोणीतला पांढरा, चार पावसाळे पाहिलेल्या धोतरातला पांढरा. मग फेट्यांना मोकळीक द्यावी. लाल, केशरी, हिरवट, अंजिरी. दहा स्वारांत दोन फेटे सारखे आले तरी चालतील, तीन नकोत.

घोडे हा माझा सगळ्यात आवडता भाग. मराठीत घोड्यांच्या रंगांना इतके शब्द आहेत की रंगांचा तक्ता त्यातूनच तयार होतो. कुमाईत म्हणजे तांबूस तपकिरी अंग, काळी आयाळ, काळं शेपूट. अबलख म्हणजे मोठे पांढरे आणि गडद डाग. पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं. कुमाइताचं पोट आणि मांड्यांची आतली बाजू एअरब्रशनं गडद, पाठ आणि पुठ्ठे उजळ, आणि गुडघ्यापासून खुरापर्यंत तांबूस विरत काळं. हेच काम कुंचल्यानं केलं तर एका घोड्याला एक संध्याकाळ जाते. एअरब्रशनं एका सकाळी बारा घोडे होतात. अबलखाचे डाग मात्र कुंचल्यानंच, कारण त्यांना कड असते.

आणि हत्ती. राघोबादादांचा हत्ती या टेबलाचा मध्य आहे. तिथेच खेळ जिंकतो किंवा हरतो. साठनं भागलं तर तो दीड-पावणेदोन इंच उंच होतो, हौदा वेगळा. मी त्याला आधी करडा रंगवला आणि तो पाट्याच्या दगडासारखा दिसू लागला. हत्ती नुसता करडा नसतो. कानाच्या कडांना, सोंडेच्या मुळाशी गुलाबीसर ठिपके असतात, सुरकुत्यांत तपकिरी धूळ असते, आणि पाऊस-चिखलातून आलेल्या हत्तीचे पाय गुडघ्यापर्यंत मातीच्याच रंगाचे असतात. दुसऱ्या वेळी काळ्या अस्तरावर निळसर करडा दिला, पाठीवर मातकट झाक, मग कोरड्या कुंचल्यावर जेमतेम रंग घेऊन सुरकुत्यांच्या उंचवट्यांवरून फिरवला. शेवटी कानांवर आणि सोंडेवर गुलाबी ठिपके, एकेक, सुईच्या टोकानं. त्या ठिपक्यांनी हत्तीला वजन आलं. असं का होतं ते मी अजून शब्दांत सांगू शकत नाही, पण ठिपके देण्याआधीचा आणि नंतरचा हत्ती शेजारी ठेवला तर कुणीही लहान मूल नंतरच्याकडे बोट दाखवतं.

जमिनीसाठी विकतचं काही आणलं नाही. वाळू चहाच्या गाळणीनं चाळून तव्यावर कोरडी केली, पाटावर फेविकॉल लावून पसरली आणि काळी रंगवली. कोरड्या कुंचल्यानं तपकिरी हात, कडेला करड्या भेगा. ऑगस्टमधली काळी माती ओली असते, म्हणून खुरांच्या खुणांत चमकदार वार्निश. बाकी सगळ्यावर मॅट. हे मॅट वार्निश दमट हवेत फवारलं तर पांढुरकी साय धरतं, तेव्हा पावसाची झड संपण्याची वाट पाहावी. वाळलेला चहाचा चोथा झाडाखालच्या पाचोळ्याला फार छान दिसतो.

नदी शेवटी ठेवली होती. आज गोदावरीला १७६३ सारखा पूर पाहायला मिळणं कठीण, कारण वर पैठणला जायकवाडी धरण आहे. दरवाजे उघडले तरच राक्षसभुवनला पाणी चढतं. दुसऱ्या खेपेला मी गेलो ते दरवाजे उघडल्याची बातमी ऐकूनच. खिशातला कागद पाण्याशी धरून पाहिला. निळ्याची एकही पट्टी उपयोगाची नव्हती. काठाशी पाणी चहासारखं फिकट, पुढे वळणावर विटकरी, आणि मधल्या धारेत तर जवळजवळ काळपट. फेस पांढरा नव्हता, मळक्या लोण्याचा होता. एका रंगातून दुसऱ्या रंगात पाणी कुठे जातं ते सांगता येत नव्हतं, आणि अशी झाक एअरब्रश जितकी चांगली पाडतो तितकी दुसरं काहीच पाडत नाही. काठापासून धारेकडे, चार पातळ हात, प्रत्येक हातानंतर थोडा गडद रंग. वर चमकदार वार्निशाचे तीन थर, मधल्या थरात फेसाच्या दोन-चार रेघा.

उत्तर काठाची पट्टी टेबलावर जेमतेम सहा इंच रुंद आहे. तिथे एकच मूर्ती उभी केली आहे, निजामअलीच्या हत्तीची. तिच्यावर मी इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ दिला: हौद्याच्या झालरीला सोनेरी कड, छत्रीच्या काठ्यांवर उजेडाचा एकेक ठिपका. खेळाच्या नियमांत त्या हत्तीला चाल नाही आणि फासाही नाही. तो पाण्याकडे तोंड करून, शेवटची फेरी होईपर्यंत तिथेच उभा असतो.